तेरा तासांचा मुहूर्त

ख्रिस्ती माणसाला लग्नासाठी मुहूर्त लागत नाही, असा आमच्या शेजारीपाजारी जुना गैरसमज आहे. १८७२च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्यानं आम्हाला मुहूर्त रीतसर घालून दिलेला आहे : सकाळी सहा ते संध्याकाळी सात. (खास परवाना काढला तर गोष्ट वेगळी. पण परवाना काढून रात्री लग्न करण्याइतकी हौस आम्हा दोघांनाही नव्हती.) सलग तेरा तासांचा शुभमुहूर्त दुसऱ्या कुठल्या पंचांगात सापडायचा नाही. आमची अडचण तासांची नव्हतीच, महिन्यांची होती.

आम्हाला साधं लग्न करायचं होतं. आपलं आपण ठरवलेलं, निवांत. चंद्रपूर-गडचिरोलीत असं म्हणायलाही धाडस लागतं, कारण साधेपणात आमच्याकडची माणसं फार पुढे गेलेली. आनंदवनाच्या बाबा आमट्यांनी साधनाताईंना पहिल्यांदा पाहिलं ते एका लग्नघरात. सगळे समारंभात दंग आणि ही मुलगी बाजूला म्हाताऱ्या मोलकरणीला कामात मदत करते आहे! बाबांनी तिथंच मनाशी ठरवून टाकलं. ही गोष्ट आमच्या आजीच्या इतकी मनात बसली, की नात्यातल्या प्रत्येक लग्नात ती मला भांडी घासायला बसवायची. त्या बाजूला कोणी फिरकलं नाही.

मला माझा माणूस भेटला शाळेच्या निसर्ग शिबिरात. मी चंद्रपुरात विज्ञान शिकवते, तो वनरक्षक. मुलांना दाखवायला त्यानं वाघाच्या पावलाचा प्लॅस्टर ऑफ पॅरिसचा ठसा आणला होता. पूर्वी या ठशांवरून वाघ मोजायचे, आता कॅमेरा ट्रॅप लावून अंगावरच्या पट्ट्यांवरून ओळखतात, असं त्यानं सांगितलं. त्यावर पाचवीतल्या एकानं विचारलं, "मग सर, आता हा ठसा कायले आणला?" सरांना उत्तर सुचेना. जाताना ती नसती ब्याद त्यानं माझ्या हातात दिली. आजी म्हणाली, "लोक अंगठी देतात, बाई."

त्याच्या बीटमध्ये मोबाइलला रेंज एकाच जागी यायची, निरीक्षण मनोऱ्याच्या तिसऱ्या पायरीवर. दुसरीवर नाही, चौथीवर नाही. तिथं एका पायावर उभं राहून लिहिलेल्या प्रेमपत्रात पाल्हाळ कुठून येणार? एकदा मेसेज आला : 'आज ती पुन्हा दिसली. पाण्यावर बराच वेळ बसून होती. दोन पिल्लं सोबत. काय डोळे आहेत!' फोन नेमका आईच्या हातात. तिनं संध्याकाळपर्यंत तोंडातून शब्द काढला नाही. दिवेलागणीला फक्त विचारलं, "तिचा नवरा काय करतो?" वाघीण आहे म्हटल्यावर तिचा जीव भांड्यात पडला. जावई म्हणून त्याची बाजू तिथूनच भक्कम झाली. वाघिणीच्या तुलनेत मी तिला अचानक बरी वाटू लागले असावे.

सुट्टीत तो चंद्रपूरला आला की आम्ही अंचलेश्वर दरवाज्याजवळ गोंड राजांच्या समाध्यांकडे जायचो. तिथली बीरशहाची मोठी समाधी राणी हिराईनं बांधली. आग्र्याला नवऱ्यानं बायकोसाठी बांधलं त्याचं जगभर कौतुक, आमच्या चांद्यात, म्हणजे चंद्रपुरात, बायकोनं नवऱ्यासाठी बांधलं ते कोणाच्या खिजगणतीत नाही. त्याला वाटायचं, मला इतिहासाची फार आवड. मी खरं तर त्या घुमटाकडे बघून मनातल्या मनात अंदाज घेत असे, की हा माणूस पुढे केवढ्याला पडेल.

तो बल्लारपूरचा. आजोबा पेपर मिलच्या नोकरीसाठी केरळातून आले ते तिथंच राहिले. त्याचं मल्याळम आईशी वाद घालण्यापुरतं, मराठी मात्र आमच्याहून अस्सल : "तू कायले टेन्शन घेऊन राहिली?" हे त्याचं आवडतं प्रेमवाक्य. घराणं सायरो-मलबार कॅथलिक. केरळातल्या या चर्चनं १९६२ साली चांद्याला आपला वेगळा धर्मप्रांत सुरू केला, त्याचं कॅथेड्रल बल्लारपुरातच आहे. आमचं घराणं चांद्यातल्या स्कॉटिश मिशनच्या काळापासूनचं, पुढे चर्च ऑफ नॉर्थ इंडियातलं. त्यांच्याकडे फादर, आमच्याकडे पाळकसाहेब. आजीच्या मते ते लोक मेणबत्त्या फार लावतात, त्याच्या आईच्या मते आम्ही गाणी फार म्हणतो. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या, त्यामुळे वाद मिटेना. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा निरनिराळ्या मंडळ्या एका दिवसात एक झाल्या आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडिया उभं राहिलं. आमच्या दोनच घरांना नुसतं चहा की कॉफी ठरवायला त्याहून जास्त वेळ लागला. शेवटी बिशपांची परवानगी आली. फादर लग्न लावतील, पाळकसाहेब प्रार्थना करून आशीर्वाद देतील आणि गाणी आमची, असं ठरलं. मेणबत्त्या त्यांच्या.

आता तारीख. उपवासकाळात म्हणजे ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस लग्न नाही. ईस्टरनंतर लावावं तर जंगलात वणव्याचा हंगाम. १५ फेब्रुवारी ते १५ जून या काळात वनरक्षकानं रजा मागणं म्हणजे साहेबांच्या थोबाडावर विस्तव ठेवणं. शिवाय मोहफुलं, मग तेंदूपत्ता, आणि चंद्रपूरचा पारा मे महिन्यात पंचेचाळीसच्या वर. नवरीचा चेहरा चर्चच्या दारापर्यंतही टिकला नसता. पावसाळ्यात नाल्यांना पूर येऊन वऱ्हाड अलीकडे आणि नवरदेव पलीकडे. नाताळाआधीचे चार आठवडे आगमनकाळ, तेव्हाही नाही. उरला जानेवारी. जानेवारीला ना कायद्याची हरकत, ना धर्माची, ना वनखात्याची. हरकत घेतली माझ्या मामेभावांनी. कारण जानेवारी म्हणजे नाटकं.

बाहेरच्यांना हे समजावून सांगावं लागतं. दिवाळीनंतर होळीपर्यंत आमच्या झाडीपट्टीत गावोगाव रात्रभर नाटकं चालतात. मंडई म्हणजे जत्रा असते, शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती असतात, आणि रात्री मंडपात नाटक. वडशाला नाटक मंडळ्यांची ऑफिसं आहेत, तिथं तारखा बुक होतात. पाव्हणे नाटकासाठी येतात, जमलंच तर त्याच मुक्कामात मुलगी बघून घेतात. लग्नाची पत्रिका हातात पडल्यावर मामेभावानं उलटून-पालटून पाहिली आणि विचारलं, "नाटक कोणतं आहे?"

नाटक होतं. आम्ही ज्या गावी लग्न करणार होतो, वैनगंगेपलीकडे, त्याच्या नेमणुकीच्या गावातल्या सागवानी बाकांच्या छोट्याशा चर्चमध्ये, त्याच गावात त्याच रात्री नाटक लागलं. आमचा धीर सुटला. फादर मात्र खूश. "अरे, मंडप फुकट मिळाला!" सकाळी लग्न, दुपारी त्याच मंडपात जेवण, रात्री नाटक. गावकऱ्यांना एका मंडपात दोन कार्यक्रम आणि आम्हाला मागे रंगवलेला राजवाड्याचा पडदा. एवढी निवांत योजना आम्ही दोघांनी महिनाभर डोकं खाजवूनही केली नसती.

केकची मात्र योजना त्याच्या कुंजम्मानं, म्हणजे मावशीनं, ओणमपासूनच केली होती. मनुके रममध्ये भिजत घातले होते. गडचिरोली जिल्ह्यात १९९३पासून दारूबंदी. चंद्रपूरला २०१५मध्ये झाली, २०२१मध्ये उठली. मधल्या वर्षांत कुंजम्माचे मनुके कशात भिजत होते, हे घरात कोणी विचारत नाही. नवरदेव सरकारी नोकर, त्यानं हात टेकले : हा केक पूल ओलांडणार नाही. मग द्राक्षरसातला दुसरा केक झाला. पहिला टाकून कसा द्यायचा? वैनगंगेच्या अलीकडे गाड्या थांबवून बल्लारपूरच्या मंडळींनी झाडाखाली तो केक पूर्णपणे कायदेशीर केला. नाक्यावर पोलिसांनी डिकी उघडून पाहिली. डिकीत होता द्राक्षरसातला केक, वास मात्र मागच्या सीटवरून येत होता. तिथं फक्त आत्या होत्या, आणि त्या भक्तिगीतं म्हणत होत्या.

लग्नाच्या सकाळी गावात धुकं. माझा मेकअप करायला ठरवलेली मुलगी पोहोचली नाही, म्हणून नाटक कंपनीच्या रंगभूषाकारांनी काम हातात घेतलं. माणूस मनापासून काम करणारा. पण त्यांचा मेकअप मंडपातल्या शेवटच्या रांगेसाठी असतो, आणि चर्चमध्ये शेवटची रांग वीस फुटांवर. फोटोत मी नवरी कमी आणि तिसऱ्या अंकात अन्याय होणारी सून जास्त दिसते. फादरनी विचारलं, "या विवाहास तू स्वखुशीनं तयार आहेस का?" तेव्हा त्यांच्या आवाजात मला खरोखरीची काळजी ऐकू आली.

तेवढ्यात वीज गेली आणि गाणाऱ्यांचा कीबोर्ड मुका झाला. नाटकवाल्यांच्या ऑर्गनला विजेची गरज नाही, पायानं भाता मारायचा. चौघांनी तो उचलून आत आणला, मागोमाग वादक मास्तर. रेव्हरंड टिळकांनी ख्रिस्ती भजनं आपल्या मराठी चालींच्या वळणानं लिहिली, त्यामुळे पहिल्या ओळीतच मास्तरांना घरी आल्यासारखं झालं. दुसऱ्या कडव्याला त्यांनी एक सूर असा धरला, की पाळकसाहेबांचे डोळे मिटले. तिसऱ्याला तान घेतली. आणि मागच्या बाकावरून मामेभावाचा आवाज आला, "वन्स मोअर!"

चर्चमध्ये टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती. फादरनी चष्म्यावरून मागे पाहिलं, मग मास्तरांकडे, मग वर. "घ्या," म्हणाले. आम्ही अख्खं गाणं पुन्हा म्हटलं. आजी तर दोन्ही वेळा रडली.

मग मिन्नू. सायरो-मलबार लग्नात नवरा नवरीच्या गळ्यात क्रूस कोरलेलं छोटं पान बांधतो, आणि त्याचा दोरा तो तिला देणार असलेल्या साडीतूनच ओढून काढलेला असतो. आमच्या आजीला ही काटकसर फार आवडली. गाठ काही त्याला येईना. पिंजऱ्याचं दार बिबट्यासमोर बंद करणारे हात थरथरत होते. मी हळूच म्हटलं, "कायले टेन्शन घेऊन राहिला?" गाठ बसली.

जेवायला एचएमटीचा भात. हे वाण नागभीड तालुक्यातल्या नांदेडच्या दादाजी खोब्रागडेंनी शोधलं आणि त्या काळच्या घड्याळाचं नाव त्याला दिलं. घड्याळाच्या नावाचा तांदूळ, आणि पंगत दीड तास उशिरा. केरळहून आलेल्या काकांना तो बारीक दाणा भात वाटेना. जाड, लालसर मट्टा तांदळाशिवाय भात नव्हे, असं त्यांचं म्हणणं. मामांनी त्यावर, तुमचा तांदूळ चावावा लागतो म्हणजे तो भात नसून काम आहे, असं सुनावलं. दोघंही धानाच्या देशातले, त्यामुळे कोणी मागे हटेना. दुभाष्याचं काम नवरदेवाकडे, आणि तो दोन्ही बाजूंना सौम्य भाषांतर करत राहिला. तिथंच मला खात्री पटली, की याच्याशी संसार निभेल.

रात्री नाटक. नवदांपत्य म्हणून आम्हाला पहिल्या रांगेत खुर्च्या, लाउडस्पीकरवरून अभिनंदन, आणि लगेच पुढे हरवलेल्या पोराची सूचना. दुसऱ्या अंकात नवरदेव झोपला. आमचं पहिलं भांडण पहाटे दोनला झालं, ते त्याला उठवण्यावरून. त्याची केरळातली आजी मात्र टक्क जागी. सगळे तिला अम्मची म्हणतात. मराठीचा एक शब्द तिला येत नाही. तरी सासूनं सुनेला घराबाहेर काढलं तेव्हा तिनं पदर डोळ्यांना लावला, खलनायकाला मल्याळममध्ये मोठ्यानं शाप दिला आणि विनोदी नटाच्या नाचाला मामेभावाच्या बरोबरीनं टाळ्या पिटल्या. उजाडताना पडदा पडला. परतीच्या गाडीत बॅगा चढत होत्या, तिचं केरळचं तिकीट त्याच संध्याकाळचं होतं. तिनं नातवाला बाजूला घेतलं, काहीतरी विचारलं आणि तो कपाळाला हात लावून माझ्याकडे आला.

"विचारून राहिली, उद्याचं नाटक कोणत्या गावात आहे."