काकूंची सून काऊन शिकून राहिली?

“मास्तरीणबाई, तुम्हीच सांगा. चाळिशी आली, दोन लेकरं झाली, सरकारी नोकरी पक्की. मंग आता काऊन शिकायचं?”

काकूंचा हा सवाल त्यांच्या धाकट्या सुनेबद्दल होता. सून सरकारी दवाखान्यात सिस्टर, त्यातही बरीच वर्षं लहान मुलांच्या वॉर्डात. रोवणीचे दिवस, त्यामुळे काकूंकडचे पुरुष शेतावर आणि काकू भिंतीच्या त्या बाजूला तांदूळ निवडत बसलेल्या. अशा वेळी आमच्या दोन घरांमधली कमरेएवढी भिंत फार उपयोगी पडते. हात कामाला राहतात आणि तोंड रिकामं.

“पण शिकायचं काय आहे तिला?” ठाऊक असूनही मी विचारलं.

“तेच तर समजत नाई ना! म्हणते, बिमार लेकरायच्या मनाचं शिकायचं. देवाधर्माचंही येते म्हणे त्यात. मी म्हटलं, बाई, देवाचं शिकाले दवाखान्यात कोण जाते? मंदिर काय दूर आहे?”

तेवढ्यात पलीकडच्या गच्चीवर राइसमिलवाल्या भाभी कपडे वाळत घालायला आल्या. त्यांना अर्धंच ऐकू गेलं असावं. “क्या बोलते काकू, बहू फादर बनने वाली है क्या?”

हसू आलं खरं, पण भाभी अगदीच चुकल्या नव्हत्या. रोग्याच्या मनाचं हे काम मूळ पाद्रीबाबांचंच. विलायतेतल्या दवाखान्यांत रोग्याजवळ बसायला, प्रार्थनेला, मरणाऱ्याच्या सोबतीला चॅपलिन असे. आता तिथल्या सरकारी दवाखान्यांत या जागांवर हिंदू आहेत, मुसलमान आहेत, शीख आहेत आणि देव न मानणारेही आहेत. काही जण फक्त मुलांसाठी. बर्मिंगहॅमच्या मुलांच्या दवाखान्यातल्या चॅपलिन पॉल नॅश आणि कॅथ्रिन डार्बी यांनी, सॅली नॅश यांच्यासोबत, २०१५ साली आजारी मुलांच्या या देखभालीवर एक पुस्तकच काढलं. त्यांची रीत साधी. मुलाला थेट काही विचारायचं नाही. मणी ओवायला द्यायचे, कागद-रंग द्यायचे, हात गुंतले की मूल आपण होऊन बोलतं. काकूंच्या भिंतीवर बसून मी हेच तर करते, असं मनात आलं, पण बोलले नाही.

आपल्याकडे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात असा विभाग आहे, शिक्षणही आहे. सरकारी दवाखान्यात मात्र या नावाची जागा नाही. समाजसेवा अधीक्षक असतात. योजनांचे कागद, रक्ताची सोय, बेवारस रोगी, नातेवाइकांची भांडणं हे सगळं त्यांच्याच गळ्यात. त्यातून उरलेल्या वेळात एखाद्या पोराजवळ बसणार ते किती?

“मंग नोकरी कोण देईल हिले?” काकू मुद्द्यावर आल्या.

कोणीच नाही. पगारही वाढणार नाही. काकू एवढ्याचीच वाट पाहत होत्या. “पाहा! मी तेच म्हणतो.”

खरी गंमत पुढे होती. काकूंनी सुपातले तांदूळ बाजूला ठेवले, इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. “मले वाटते ती नाटक लिहून राहिली.”

“नाटक?”

“झाडीपट्टीचं असंल! एक वही सापडली मले गादीखाली. पोरगा असं म्हणाला, मी असं म्हटलं, मंग पोरगा असं म्हणाला. पूरं पान तसंच. नाव एकाचंही नाही. नुसतं ‘मुलगा, ९’, ‘मुलगी, १२’.”

काकूंनी वही वाचली हे मला आवडलं नाही, तसं तोंडावर सांगितलंही. पण ती वही काय आहे ते मला ठाऊक होतं, कारण सून संध्याकाळी माझ्याकडे इंग्रजी सुधारायला येते. अमेरिकेत १९२५ साली अँटन बॉइसन नावाच्या पाद्रीने धर्मशास्त्र शिकणाऱ्या काही विद्यार्थ्यांना पुस्तकं मिटून वेड्यांच्या दवाखान्यात आणलं. तो स्वतः आधी अशा दवाखान्यात रोगी म्हणून राहिलेला. जिवंत माणूस हाच ग्रंथ समजून वाचा, असं त्याचं म्हणणं. त्यातून पुढे जे शिक्षण उभं राहिलं त्यात एक सवय पक्की बसली. रोग्याजवळून उठलं की झालेलं बोलणं आठवेल तसं शब्दशः उतरवायचं, मग गुरूसमोर, सोबत्यांसमोर वाचायचं आणि आपण कुठे गडबडलो ते शोधायचं. सुनेने अजून कुठे प्रवेशही घेतलेला नाही. तिची आधीपासूनची तयारी आहे ती. नाइट ड्युटी उतरली की चहाआधी वही.

त्यातलं एक पान तिने मला वाचून दाखवलं होतं. नऊ वर्षांचा मुलगा तिला विचारतो, “सिस्टर, मी मेलो तर माही सायकल कोणाले देतील?” ही म्हणाली, “असं बोलू नाही, तू बरा होशील.” मुलगा गप्प. शेजारी लाल पेनाने तिनेच लिहिलंय: इथे मी पळाले. दुसऱ्या दिवशी तिने तोच धागा पुन्हा धरला. “कोणाले द्यावं वाटते तुले?” पोरगा लगेच म्हणाला, “भावाले नको. तो तोडून टाकते.” आणि मग सायकलवरून भाऊ, भावावरून घर, घरावरून आई रात्री कशी रडते, असं बराच वेळ बोलत राहिला.

काकूंना हे सांगितलं तर त्या थोडा वेळ तांदळात बोटं फिरवत राहिल्या. “मीही तेच म्हटलं असतं. बरा होशील. दुसरं काय म्हणायचं लेकराले?”

“मीही तेच म्हटलं असतं,” मी म्हटलं. म्हणूनच शिकायला लागतं, हे माझं मत. प्रेम तर वॉर्डातल्या प्रत्येक आयाबाईकडे असतं. मुलाच्या तोंडून भलतं काही निघालं की ते झाकून टाकायचं नाही, हे नुसत्या प्रेमाने जमत नाही.

“पण तो पोरगा बिमार कायनं होता?” भाभींनी गच्चीवरूनच विचारलं.

सिकलसेल. आपल्या भागाला हे नवं नाही. १९५८ साली शुक्ला आणि सोळंकी या डॉक्टरांनी मध्य भारतातल्या सिकलसेलचा लेख ‘लॅन्सेट’मध्ये छापला, तेव्हापासून विदर्भाचं नाव या रोगाशी जोडलेलं आहे. केंद्राची सिकलसेल निर्मूलनाची मोहीम सुरू झाली ती २०२३च्या जुलैत, शेजारच्या मध्य प्रदेशातल्या शहडोलला. गोल रक्तपेशी विळ्यासारखी वाकते, बारीक नसांत अडकते आणि हाडं फुटल्यासारखी दुखतात. थंडी, ताप, पाणी कमी पडणं, काहीही निमित्त पुरतं. म्हणून तीच ती लेकरं पुन्हा पुन्हा भरती होतात आणि सिस्टर त्यांना नावाने ओळखतात. पोटदुखीचं मूल आठवड्याने घरी जातं. या मुलांना मात्र विचार करायला वेळच वेळ मिळतो. मलाच काऊन? मी काय केलं? एका बारा वर्षांच्या पोरीने सुनेला विचारलं होतं, “हे आईबाबाकडूनच आलं ना? मंग आजी फक्त आईलेच काऊन बोलते?” रोग आईबाप दोघांकडून येतो. दोघंही वाहक असले तर दर बाळंतपणात चारात एक वेळ मूल रोगी निघण्याचा संभव. हे डॉक्टर सांगतात. आजीचं काय करायचं, हे कोणी सांगत नाही.

आणि आजी तर प्रत्येक खाटेपाशी असते. सून एका रात्रीचं सांगत होती. एका खाटेशी डोंगरगडच्या बमलेश्वरीचा फोटो. दुसरं कुटुंब बाबा जुमदेवांच्या परमात्मा एक मार्गातलं, त्यांना मूर्ती नको, अंगारा नको. तिसऱ्या खाटेवरच्या मुलीच्या उशाशी बुद्धाचं चित्र. चौथं लेकरू सालेकसा तालुक्यातलं, गोंड. त्या रात्री बमलेश्वरीवाल्या आजीने मायेपोटी चारही लेकरांना अंगारा लावला आणि जुमदेवांच्या मार्गातला बाप चिडून उठला. सुनेने दोघांना चहा पाजला, बापाचं आधी ऐकून घेतलं, मग आजीचं. लेकराच्या कपाळावरचं काय ते लेकरालाच विचारलं. ते म्हणालं, “पुसा, गुदगुल्या होते.” मिटलं.

गोंड मुलाचं पान मला सगळ्यांत आवडतं. तो बोलायचाच नाही. सुनेला कचारगडची गोष्ट अर्धवट माहीत होती. दरेकसा स्टेशनाजवळची ती गुहा, माघी पौर्णिमेला देशभरातून गोंड बांधव येतात ती. कली कंकालीची लेकरं त्या गुहेत कोंडलेली, पारी कुपार लिंगो आणि जंगो रायताड यांनी त्यांना सोडवलं, हिरासुका पाटालीरच्या किंगरीच्या सुरांनी शिळा हलली. हिने गोष्ट चुकीची सांगायला घेतली आणि पोराला राहवेना. त्यानेच दुरुस्त करत करत पूर्ण सांगितली. शेवटी म्हणाला, “त्या लेकरायले अंदर भेव लागलं असंल ना?” हिने फक्त विचारलं, “असंल. तुले काय वाटते?” वहीत या ओळीशेजारी लाल पेन नाही.

“म्हणजे हिले गोंडायचाही देव पाहिजे अन् जुमदेवबाबाचाही!” काकू म्हणाल्या. “अन् आपला?”

“आपला बाहेर चपलांजवळ ठेवून आत जायचं, हेच शिकायचं आहे तिला.” हे माझं वाक्य काकूंना मुळीच रुचलं नाही, आणि पुढची दोन मिनिटं त्यांनी तांदळातला एकेक खडा माझ्या अंगणात टाकला.

आता प्रवेशाचं. सुनेचा बेत मानसशास्त्राच्या एमएचा होता, इग्नूतून, घरी बसून. तो बुडाला. २०२५च्या जुलै-ऑगस्टच्या सत्रापासून विद्यापीठ अनुदान आयोगाने मानसशास्त्र दूरशिक्षणातून शिकवायला बंदी केली. निर्णय वाईट नाही, माणसाचं मन पत्राने शिकून हाताळू नये. पण नोकरी आणि घर सांभाळणाऱ्या गोंदियाच्या बाईने नागपूरला रोज वर्गात बसायचं कसं, हे आयोगाला कोणी विचारलं नसणार. आता इग्नूतूनच एमएसडब्ल्यूचा विचार आहे. कोणत्याही शाखेची पदवी चालते, दोन वर्षांचा अभ्यास चार वर्षांपर्यंत लांबवता येतो आणि प्रत्यक्ष काम मार्गदर्शकाच्या हाताखाली करावं लागतं. त्याच्या जोडीला मुलांच्या पॅलिएटिव्ह केअरचा, म्हणजे गंभीर आजारातलं दुखणं हलकं करणाऱ्या देखभालीचा, आंतरराष्ट्रीय संस्थेचा ऑनलाइन अभ्यासक्रम, तो फुकट आहे. महाराष्ट्रात २०१०पासून जव्हारसारख्या आदिवासी भागात मुलांच्या या देखभालीचा प्रकल्प चालला होता. हे काम मुंबईतच होतं असं नाही, हे तिला तेवढ्यावरून कळलं आणि तिची हिंमत वाढली. नवऱ्याची हरकत नाही. त्याची एकच अट, वही गादीखाली ठेवायची नाही.

“त्याले कसं माहीत?” काकू दचकल्या.

“त्याने विचारलं तर मी काही सांगणार नाही,” मी म्हटलं. “पण परीक्षेच्या दिवसांत तिची लेकरं कोण पाहील?”

“कोण म्हणजे? मी मेली का?” काकू उसळल्या. मग जरा थांबून, भाभी खाली गेल्या का ते पाहून म्हणाल्या, “मास्तरीणबाई, माह्या भाच्याचं जुळून राहिलं आमगावले. पत्रिका पाहिली, छत्तीसपैकी अठ्ठावीस. पण थे रक्ताचं... पोराचंही करा लागते का पोरीचंच?”

“दोघांचंही.”

“मंग सुनेलेच म्हणतो, दोघायलेही घेऊन जा. पण तुम्ही आमगाववाल्यायले आधी काही बोलू नका.”