पंधरा मिलिमीटरचा रुबाब

पिकअप घेतलेला माणूस पहिल्या हंगामात हप्ते मोजतो आणि दुसऱ्या हंगामात चाकांकडे बघायला लागतो. नारायणगावच्या टोमॅटो बाजारात असे पुष्कळ भेटतात. त्यांतले एक दादा आमच्या शेजारचे. त्यांच्या गाडीला मूळचे टायर 215/75 आर 15. दादांना ते सायकलीचे वाटायचे. टोमॅटोला भाव सापडला त्याच आठवड्यात गाडीला मॅकव्हील आणि 235/75 चे बटन टायर चढले.

"गुरुजी, कसली उंच झाली बघा!"

मी पडलो गणिताचा मास्तर. टायरवरचे आकडे वाचून हिशेब मांडला. चाकाचा व्यास वाढला 30 मिलिमीटर. त्यातला निम्माच गाडीला उचलणार, म्हणजे 15.

"दादा, एवढं तर नव्या चपलेनंही वाढतं."

दादांनी माझ्याकडे वरून बघितलं. बरोब्बर पंधरा मिलिमीटर वरून.

रिकाम्या गाडीत दादा राजे असतात. पण हौद्यात वीस-वीस किलोचे क्रेट चढायला लागले की खाली उकिडवे बसून टायर आणि मडगार्डच्या फटीत बोटं घालून बघतात. आधी चार बोटं मावतात, मग दोन, आणि साठावा क्रेट चढला की करंगळीही नाही. पाटे बसलेले, दादांचा चेहराही बसलेला. बाजाराच्या फाटकात स्टेअरिंग पूर्ण कापलं की पुढचं चाक आतून घासतं, खर्रर्र! हमाल मान वर न करता म्हणतात, "दादा आले."

खरी गंमत भाड्याची. मीटर मोजतो चाकाचे फेरे. चाक मोठं झालं की त्याच रस्त्याला फेरे कमी पडतात. खरे 100 किलोमीटर पळाले तर मीटरवर पडतात 96. भाडं मीटरवर, म्हणजे शंभरामागे चार किलोमीटर फुकट! हे ऐकून दादा दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी उजळून आले. "गुरुजी, म्हणजे गाडी कमी चालल्याली दिसणार ना? इकताना भाव येतोय बघा!"

स्टेपनी मात्र जुन्याच मापाची राहिली. एकदा मागचं चाक पंक्चर झालं, तेव्हा गाडी लंगडत घरी आली. एक चाक छोटं, एक मोठं, आणि मधला डिफरन्शियल दोघांची भांडणं सोडवून तापलेला.

पासिंगचा दिवस आला की गोठ्यातले जुने टायर बाहेर निघतात. 1988 च्या मोटार वाहन कायद्यात कलम 52 आहे, गाडीत मनाने बदल करू नका म्हणून सांगणारं. दादांना आकडा पाठ नाही, पण तारीख पाठ असते. त्या दिवशी गाडी पाहुण्यांसमोर बसलेल्या मुलीसारखी साधी, सोज्वळ. संध्याकाळी पुन्हा बटन टायर.

परवा ओट्यावरून त्यांचे वडील म्हणाले, "आपल्या लाकडी गाडीचं चाक छातीला लागायचं. पुढं टायरगाडी आली, चाक मांडीवर आलं. माल जास्त बसला अन् बैलं सुखावली. तू उलटा कुठं चाललास रं?"

दादा टायरवरचा चिखल काडीने कोरत होते. मान न वळवता म्हणाले, "आप्पा, तुमच्या बैलांना शौक नव्हता."