शीर्षकवीर

शीर्षकवीर पत्रकार नसतो, पण बातमीवाचून त्याला चैन पडत नाही. व्हिडिओ गेमच्या बातम्या वाचकांनीच आणायच्या, वाचकांनीच मंजूर करायच्या आणि वाचकांनीच वर चढवायच्या, अशी सोय असलेल्या संकेतस्थळांवर त्याचा कायमचा मुक्काम असतो. एनफोरजी हे त्यातलं नावाजलेलं ठाणं. तिथे बातमी किती तापली ते चक्क अंशांत दाखवतात, आणि पारा चढवण्यात शीर्षकवीराचा हात धरणारा कुणी नाही. समजा, एखाद्या गेम बनवणाऱ्याने मुलाखतीत सांगितलं, 'हे कन्सोल समजून घ्यायला आम्हाला थोडा वेळ लागला.' शीर्षकवीराच्या हातून निघेपर्यंत त्याचं होतं : 'अमुक कन्सोलपुढे डेव्हलपर्सनी हात टेकले?' त्यातलं प्रश्नचिन्ह फार कामाचं. आरोप शीर्षकवीराचा, जबाबदारी प्रश्नचिन्हाची. 'ध'चा 'मा' करताना निदान चिठ्ठीतलं एक अक्षर तरी बदलावं लागलं होतं. याला मूळ मजकुराला हातही लावावा लागत नाही, कारण तो मजकूर उघडून बघणारेच कमी.

त्याला कन्सोल विकणाऱ्या कंपनीचा हस्तक म्हणतात, हा त्याच्यावर अन्याय आहे. हस्तकाला पैसे मिळतात. याने उलट पदरचे मोजलेले असतात. नोव्हेंबर २०१३ मध्ये अमेरिकेत प्लेस्टेशन ४ हे कन्सोल आलं ३९९ डॉलरला आणि त्याच महिन्यात त्याचा प्रतिस्पर्धी एक्सबॉक्स वन आला ४९९ डॉलरला. दोन्ही घेणारे थोडे. बाकीच्यांनी एक निवडलं आणि त्या दिवसापासून दुसरं टाकाऊ ठरणं ही त्यांची गरज होऊन बसली. आपण फसलो नाही, एवढंच शीर्षकवीराला कुणाकडून तरी लेखी हवं असतं, आणि ते कुणी देत नाही म्हणून तो स्वतःच लिहितो. त्याच्या पक्षपाताचं मूळ हे असं खिशात आहे. भडकपणा त्यामागून येतो, कारण साध्या मथळ्याला मतं पडत नाहीत.

पुरावा हवा तर कॉल ऑफ ड्यूटी : घोस्ट्स घ्या. २०१३ मधला हा गेम प्लेस्टेशन ४ वर १०८०पी आणि एक्सबॉक्स वनवर ७२०पी चालायचा. चित्राच्या स्पष्टतेतला हा फरक खरा होता, त्याची बातमी होणंही रास्त होतं. पण एक बाजू भिंग लावून पिक्सेल मोजायला बसली आणि दुसरीला अचानक साक्षात्कार झाला की चित्राच्या सफाईत काय ठेवलंय, खेळण्यात मजा पाहिजे! पुढच्या वर्षी युबिसॉफ्टने असॅसिन्स क्रीड : युनिटी दोन्हीकडे ९००पी ठेवणार असं जाहीर केलं. वादविवाद टाळण्यासाठी, असं त्यांच्याच माणसाने बोलून दाखवलं आणि वाद पेटला तो त्यावरूनच. प्लेस्टेशनवाल्यांचं दुःख आपल्याला काय मिळालं याचं नव्हतंच. शेजाऱ्यालाही तेवढंच मिळालं, याचं होतं. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं हे ठीक, पण दोघांना सारखे गुण पडले तर शाळेवरच मोर्चा!

यावर कुणी म्हणेल, पगारी समीक्षक तरी कुठे धुतल्या तांदळाचे? मुद्दा बिनतोड आहे. २००७ मध्ये केन अँड लिंचला बेताचे गुण दिल्यावर जेफ गर्स्टमनला गेमस्पॉटची नोकरी गमवावी लागली. त्या गेमच्या जाहिराती त्याच संकेतस्थळावर झळकत होत्या. पण तिथे बोभाटा झाला, कारण दोष द्यायला मालक होता, जाहिरातदार होता. शीर्षकवीर स्वतःच बातमीदार, स्वतःच संपादक आणि स्वतःच गिऱ्हाईक. तक्रार करायची कुणाकडे? दुसरा आक्षेप असा, की गर्दी आपली चूक आपणच सुधारते. सुधारते, नाही असं नाही. जुलै २०२३ मध्ये वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टच्या खेळाडूंनी रेडिटवर 'ग्लोर्बो' नावाची, अस्तित्वातच नसलेली गोष्ट येणार म्हणून मुद्दाम जल्लोष केला, आणि आपोआप मजकूर उचलणाऱ्या एका संकेतस्थळाने त्याची बातमी छापून स्वतःचं हसं करून घेतलं. म्हणजे चाणाक्षपणाची वाण नाही. फक्त ग्लोर्बोत कुणाचे चारशे डॉलर अडकले नव्हते. ते अडकले, की हाच चाणाक्ष माणूस प्रश्नचिन्हाला पुरावा समजू लागतो.

म्हणून त्याला उपदेश करून भागत नाही. त्याचं कौशल्य घाईवर पोसलेलं आहे आणि उपायही घाईवरच हवा. १९ जून २०२० रोजी द लास्ट ऑफ अस पार्ट टू बाजारात आला आणि पूर्ण करायला वीस तासांहून जास्त लागणाऱ्या त्या गेमला मेटाक्रिटिक या गुण गोळा करणाऱ्या संकेतस्थळावर काही तासांतच शून्य गुणांच्या राशी पडल्या. त्यानंतर मेटाक्रिटिकने नवीन गेमवर वापरकर्त्यांना मत द्यायला ३६ तास थांबायची अट घातली. राग धरून ठेवणारा सदतिसाव्या तासाला येतोच, हे खरं. पण तोवर शीर्षकवीराची पंचाईत झालेली असते : एवढ्या वेळात गेम खेळून होण्याचा धोका असतो, आणि तो आवडला तर मग लिहायचं काय?