कपाळ आधी की कुंकू आधी?

आमच्या घरात उन्हाळा लागल्याचं दोन गोष्टींवरून कळतं. बाजारात कैऱ्या येतात आणि काकांना कोडी सुचू लागतात. कैऱ्यांचं निदान पन्हं तरी होतं. त्यातून मे महिन्यात केमच्या आत्याकडे जायचं म्हणजे पुण्याहून पॅसेंजर. ती थांबत थांबत जाते आणि काका न थांबता बोलतात.

भिगवण आलं. "इथं उजनीच्या पाण्यावर रोहित येतात," काका म्हणाले.

"शर्मा?" भाच्यानं विचारलं.

काकांनी त्याला रोहित पक्ष्याचे लांब पाय, वाकडी चोच, गुलाबी पंख असं सगळं सांगितलं. भाचा शांतपणे म्हणाला, "म्हणजे बॅटिंग येत नाही." पुढची दोन स्टेशनं डबा शांत होता.

खरी मजा जेऊरपासून. या मार्गावर स्टेशनांची नावं ज्यानं कोणी लावली असतील, त्याच्या घरीही एक काका असणार अशी माझी खात्री आहे. जेऊर आलं की काका फर्मान काढतात, "जेऊ रे!" आणि डबे उघडतात. दशम्या, शेंगाचटणी आणि पिठलं. गाडीत पिठलं आणू नये असं वहिनी दरवर्षी सांगते आणि दरवर्षी तीच आणते. गाडीनं एक हिसका दिला आणि पिठलं काकांच्या पांढऱ्याशुभ्र शर्टावर विसावलं. हळद सढळ होती. काका मात्र कोड्यात गुंतलेले.

"सांगा, कपाळ आधी की कुंकू आधी?"

"कपाळ," आजी म्हणाली. "कपाळ नसेल तर लावणार कुठं?"

"चूक! पुण्याहून आलात तर कपाळ आधी. सोलापूरहून आलात तर कुंकू आधी!"

उलगडा असा की, जेऊरनंतर भाळवणी लागतं, म्हणजे भाळ. लगेच पुढचं स्टेशन केम, म्हणजे कुंकू. करमाळा तालुक्यातलं हे गाव कुंकवासाठीच ओळखलं जातं. पंढरपूर-तुळजापुरात प्रसादाच्या दुकानासमोर लाल ढीग दिसतात ना, त्यातलं बरंचसं इथलं. आणि केमच्या पुढचं स्टेशन ढवळस. "सरबत केमला करायचं, चमचा ढवळसला फिरवायचा," असं काका म्हणाले तेव्हा समोरच्या बाकावरचे अनोळखी आजोबाही हसले. काकांना तेवढं पुरतं. त्यांनी लगोलग आजोबांना कुर्डुवाडीचं जुनं नाव विचारलं. आजोबा म्हणाले, "बार्शी रोड. आमचे वडील बार्शी लाइट रेल्वेवर होते." काकांचा चेहरा पडला. उत्तर येणाऱ्या माणसाला कोडं घालण्यात मजा नसते.

केमला उतरलो तेव्हा ऊन असं होतं की सावलीसुद्धा सावली शोधत होती. आत्यानं दारातच तांब्याभर पाणी आणि गूळ हातावर ठेवला. मग माठातलं पन्हं. मग मठ्ठा. "जेवायला जागा ठेवा की," आतोबा म्हणाले. पण सोलापूर जिल्ह्यातल्या मेमध्ये पोट हे केवळ एक भांडं असतं.

संध्याकाळी उत्तरेश्वराच्या देवळात जाऊन आलो आणि येताना ओळखीच्या एका कुंकवाच्या कारखान्यात डोकावलो. तिथं डोकावता येत नाही. उंबरा ओलांडला की माणूस लाल. भिंती, पोती, तराजू सगळं लाल. घामावर कुंकू बसलं आणि आमची वरात घरी आली तेव्हा शेजारचं कुत्रं भुंकायचंच विसरलं. आत्यानं लिंबाचं सरबत पुढं केलं. थोड्या वेळानं कोणाचा पेला कोणता यावर भांडण पेटलं, ते भाच्यानं सोडवलं. पेल्यांवर लाल बोटं उमटली होती. अंगठ्याच्या मापावरून त्यानं तीन पेले शोधून दिले आणि चौथा, सगळ्यात स्वच्छ, काकांचा ठरवला. काकांनी पेला पदराआडून धरावा तसा रुमालानं धरला होता. शर्ट जपत होते.

पण पिठलं होतंच. वहिनीनं डागावर धुण्याचा साबण चोळला आणि किंचाळली. पिवळा डाग लालभडक!

"कुंकू उडालं," आजी म्हणाली.

"उडालं नाही, तयार झालं," आत्या म्हणाली. "अगं, साबण कशाला लावलास? हळदीला खार लागला की ती लाल होती. पूर्वी हळदीला चुना लावूनच कुंकू करायचे. आण इकडं." आणि तिनं सरबतातून उरलेली लिंबाची फोड डागावर पिळली. लाल गेलं, पिवळं परत आलं. भाच्यानं पुन्हा साबण लावला, लाल. पुन्हा लिंबू, पिवळं. काकांचा शर्ट सिग्नलसारखा चालू-बंद होत राहिला. फक्त हिरवा काही लागेना.

आयुष्यात पहिल्यांदा काकांना कोडं पडलं होतं. वहिनीनं संधी साधून उखाणा घेतला:

जेऊरला जेवले, भाळवणीला नटले,
केमच्या कुंकवापायी शर्ट मात्र विटले!

"नाव कुठंय?" आत्या ओरडली. वहिनी म्हणाली, शर्ट काकांचा, मी नाव कशाला घेऊ?

तर केमला जाणाऱ्यांनी एवढं करावं. बऱ्याच जलद गाड्या इथं थांबत नाहीत, तेव्हा थांब्यांची यादी आधी पाहावी. पांढरे कपडे घालू नयेत. घातलेच तर पिठलं वहिनीकडे राहू द्यावं, लिंबू खिशात ठेवावं आणि साबण घरी.