सेवा जशी असेल तशी, दायित्व तुमचे

ऑनलाइन पेमेंट सेवेचा वापरकरार हा दोन पक्षांमधला करार असतो. एक पक्ष तो लिहितो, दुसरा न वाचता मान्य करतो. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावर सुरमईचा भाव घासाघीस करून ठरतो. दहा रुपयांसाठी गिऱ्हाईक दोनदा पाठ फिरवते. त्याच सुरमईचे पैसे ज्या अ‍ॅपवरून जातात, त्याचा करार मात्र एका बोटात मंजूर होतो. अ‍ॅपची बटणे मराठीत असली तरी करार बहुधा इंग्रजीतच राहतो. ग्राहकाची झोप मोडू नये, हा त्यामागचा हेतू असावा.

कलमे साधारण ठरलेली असतात. सेवा ‘जशी असेल तशी’ मिळेल; ती बंद पडली, पैसे अडकले, तर कंपनी जबाबदार नाही. पिन टाकला गेला, म्हणजे तो ग्राहकानेच टाकला. ग्राहकाच्या वापरामुळे कंपनीवर दावा झालाच, तर वकिलाची फीसुद्धा ग्राहकाने सोसायची. अटी कधीही बदलतील, आणि बदलल्यावर अ‍ॅप उघडले की संमती मिळाली. एवढे करूनही कंपनी दोषी ठरली, तर भरपाई अनेकदा ग्राहकाने भरलेल्या शुल्काइतकीच. यूपीआयने मासळी घेणारा शुल्क भरत नाही, त्यामुळे हिशेबाला वेळ लागत नाही. वाद बेंगळुरू किंवा दिल्लीच्या न्यायालयात चालेल, असे शेवटी लिहिलेले असते. राजधानी एक्सप्रेस रत्नागिरीला थांबते, हीच काय ती सोय.

या कलमांच्या आड रिझर्व्ह बँक येते. तिच्या 6 जुलै 2017 च्या परिपत्रकाने बँकांना, आणि 4 जानेवारी 2019 च्या परिपत्रकाने वॉलेट कंपन्यांना, अनधिकृत व्यवहारांबाबत नियम घालून दिले. दोष बँकेचाही नाही आणि ग्राहकाचाही नाही, अशा वेळी सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवणाऱ्याचे दायित्व शून्य. चार ते सात दिवस लागले, तर सर्वसाधारण बचत खात्याला जास्तीत जास्त 10,000 रुपये. दायित्व ग्राहकाचे आहे हे सिद्ध करायचे ओझे बँकेवर. सप्टेंबर 2019 च्या आणखी एका परिपत्रकानुसार यूपीआयने दुसऱ्याच्या खात्यावर पाठवलेले पैसे कापले गेले पण पोचले नाहीत, तर ते दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप परत यायला हवेत. पुढच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये.

करार लिहिणाऱ्या वकिलांना हे सगळे ठाऊक असते. म्हणून प्रत्येक जबाबदारी झटकण्याआधी ते ‘कायद्याने मुभा असेल तेवढ्या मर्यादेत’ असे लिहितात. ती मर्यादा कुठे आहे, हे ग्राहकाने शोधायचे. जून 2024 मध्ये ती मुंबई उच्च न्यायालयात सापडली: फसवणुकीत गेलेले सुमारे 76.90 लाख रुपये खातेदार कंपनीला परत करा, असा आदेश 2017 च्याच परिपत्रकाच्या आधारे बँक ऑफ बडोदाला झाला. मात्र ग्राहकाने स्वतः ओटीपी किंवा पिन सांगितला असेल, तर कळवेपर्यंतचे सगळे नुकसान त्याचे. परिपत्रकातले एवढेच कलम कस्टमर केअरला तोंडपाठ असते.

ग्राहक संरक्षण कायदा, 2019 मध्ये ‘अनुचित करार’ ही स्वतंत्र व्याख्या आहे. सबळ कारणाशिवाय एकतर्फी करार संपवण्याचा अधिकारही त्यात अनुचित ठरतो. पण असा करार रद्द ठरवण्याचे काम जिल्हा आयोगाकडे नाही. ते राज्य आयोगापासून वर. रत्नागिरीच्या आयोगात सदोष सेवेची तक्रार करता येते, तिच्या मुळाशी असलेल्या कलमाची नाही. शिवाय ग्राहक म्हणजे मोबदला देऊन सेवा घेणारा. साउंडबॉक्सचे भाडे भरणारी मासळीवाली मोबदला देते, पण तिचा वापर धंद्यासाठी. तिथे कायद्यातला स्वयंरोजगाराचा अपवाद तिच्या मदतीला येतो. फुकट सेवा घेणाऱ्या गिऱ्हाइकाने काय मोबदला दिला, यावर वकिलांची एक पिढी जगेल.

राहतो रिझर्व्ह बँकेचा लोकपाल. तिथे फी नाही, वकील लागत नाही, अर्ज घरबसल्या जातो. फक्त आधी कंपनीकडे लेखी तक्रार करायची आणि उत्तर आले नाही तर 30 दिवस थांबायचे. ग्राहकाला मात्र तीनच दिवस मिळालेले असतात.