दुर्वासपुरची भानगड

"प्रेत घरात तसंच पडलंय वहिनी, आणि ह्यांची पंचायत अजून चाललीय!"

अक्का कंपाउंडच्या भिंतीवर कोपर टेकून असं काही बोलल्या की आधी पोटात गोळाच येतो. मी कढीपत्ता तोडायची थांबले. "कुणाच्या घरात ओ?"

"नारणप्पाच्या."

हुश्श. म्हणजे अक्का पुन्हा अनंतमूर्तींच्या 'संस्कार'मध्ये शिरल्या होत्या. इथं जयनगरात आमची भिंत सामायिक, तशा बातम्याही सामायिक. अक्कांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरूचं; घरात मराठी, शिक्षण सगळं कानडीत. मी बेळगावची. कानडी बोलते फाडफाड, वाचताना मात्र ओळीखाली बोट लागतं. म्हणून कादंबऱ्या त्या वाचतात आणि मला भिंतीवरून सांगतात. सांगतात अशा की सगळी पात्रं पलीकडच्या क्रॉसला राहायला आहेत.

"हा नारणप्पा जन्मानं माध्व ब्राह्मण. लग्नाची बायको टाकली, कुंदापूरची चंद्री आणून ठेवली. दारू, मटण, देवळाच्या तळ्यातले मासे, काही म्हणून सोडलं नाही. दुर्वासपुरचा अग्रहार वाळीत टाकायला निघाला तर म्हणाला, टाका, मुसलमान होतो! बसले गप्प. आता मेला. ह्याला ब्राह्मण म्हणून जाळायचा की नाही?"

"नातलग नव्हते?"

"होते की. गरुडाचार्य आणि लक्ष्मणाचार्य. आधी दोघंही मागे सरत होते. चंद्रीनं दागिने उतरवून पुढ्यात ठेवले, क्रियाकर्माच्या खर्चाला म्हणून. झालं! दोघांच्या बायका नवऱ्यांच्या मागे लागल्या. सोनं दिसल्यावर नातं एकदम जवळचं झालं."

"सगळीकडे मेलं तेच."

"त्यात प्रेत उचलेपर्यंत कुणी जेवायचं नाही. तो दासाचार्य, एक नंबरचा खादाड, पारिजातपुरात स्मार्ताकडे जाऊन चोरून फराळ हाणून आला. इकडे उंदीर मरून पडतायत, गिधाडं घरांवर येऊन बसलीत, प्लेग आलाय, पण ते कुणाच्या डोक्यात नाही. सगळे प्राणेशाचार्यांच्या तोंडाकडे बघतायत. एवढे मोठे पंडित, पोथ्या उलटून थकले. मारुतीला कौल लावायला गेले, मारुतीही बोलेना. परत येताना अंधारात..." इथं अक्कांनी आवाज खाली आणला. ऐकायला आमच्याशिवाय फक्त इस्त्रीवाला होता, आणि त्याला मराठी येत नाही.

"चंद्री," मी म्हटलं.

"चंद्री. पण तिचं पुढचं ऐका. त्याच रात्री तिनं ओळखीच्या एका मुसलमानाला गाठलं, गाडीतून प्रेत नेलं, जाळून मोकळी! ह्या लोकांना पत्ताच नाही. ते आपले मठाच्या स्वामींना विचारायला निघालेत."

मला विचाराल तर अख्ख्या कादंबरीत हाच भाग मला सगळ्यात आवडतो. लोक सांगताना अंधारातल्या त्या भेटीपाशी थांबतात, जसं काही आचार्य तिथंच संपले. अक्कांचं मत वेगळं आहे, आणि ते मला पटत चाललंय. त्या म्हणतात, माणूस हरवला तो नंतर. आजारी बायको भागीरथी प्लेगनं गेली, तिला अग्नी दिला आणि आचार्य नेसत्या धोतरानिशी चालू लागले, तिथून पुढे.

"वाटेत पुट्ट भेटला ना," अक्का म्हणाल्या. "आपल्या कोपऱ्यावरच्या दुकानदारासारखा. कोण, कुठले, कुठे निघालात, मुलं किती? सोडतच नाही. आता ह्या आचार्यांना जन्मात कुणी 'तुम्ही कोण' म्हणून विचारलं नव्हतं. ते पोचायच्या आधी त्यांचं नाव पोचायचं. काय सांगणार? एकीकडे हा ओळखेल म्हणून भीती, दुसरीकडे हा ओळखत नाही म्हणून कसंतरी. पुट्ट त्यांना जत्रेत घेऊन गेला, कॉफी पाजली, कोंबड्यांची झुंज दाखवली. सुतक असताना देवळातल्या पंगतीत बसले, आणि कुणीतरी ओळखलंच. उठून पळाले!"

"ओळखलं तरी पंचाईत, नाही ओळखलं तरी पंचाईत."

"होय की. अग्रहारातल्या चार तोंडांनी रोज म्हणून म्हणून त्यांना आचार्य केलं होतं. ती तोंडं मागे राहिली, मग आत काय उरलं ते त्यांनाही सांगता येईना."

गंमत अशी की अनंतमूर्तींनी हे लिहिलं ते बर्मिंगहॅमला, पीएचडी करताना. इंग्लंडात बसून अग्रहार उभा केला, आणि १९६५ साली पुस्तक आलं. त्याच साली भैरप्पांचं 'वंशवृक्ष'. ते मी वाचलंय, उमा कुलकर्णींच्या मराठीत. नंजनगूडचे श्रोत्री, विधवा सून दुसरं लग्न करून गेली, नातू मागे राहिला, वंश म्हणून. म्हातारपणी कळतं की त्या वंशाचं रक्त मुळात त्यांच्यातच नाही. मी हे सांगितलं की अक्का दर वेळी म्हणतात, "बघा, कागदपत्रं नीट बघून घ्यावीत."

सिनेमाचा विषय निघाला की मात्र अक्कांना आवरता येत नाही. १९७० सालचा 'संस्कार', पट्टाभिराम रेड्डींचा. नारणप्पा झाले पी. लंकेश, प्राणेशाचार्य गिरीश कार्नाड. "ते तर तुमच्याकडचेच, माथेरानला जन्मलेले," असं अक्का मला ऐकवतात. मग आमचं कार्नाडांच्या आत्मचरित्रावर घसरतं. ते पोटात असताना आईवडील गर्भ पाडायला पुण्याच्या एका दवाखान्यात गेले होते, डॉक्टरीणबाई वेळेवर आल्या नाहीत, हे कंटाळून परतले. कार्नाडांनी पुस्तक त्या बाईंनाच अर्पण केलंय. "उशीर करणाऱ्या डॉक्टरांना शिव्या घालू नयेत," हे अक्कांचं त्यावरचं भाष्य.

सेन्सॉरनं तो सिनेमा अडवला होता, सुटल्यावर त्याला देशातल्या सर्वोत्तम चित्रपटाचा पुरस्कार मिळाला. चंद्री झालेल्या स्नेहलता रेड्डी, दिग्दर्शकांच्याच पत्नी, आणीबाणीत इथल्या सेंट्रल जेलमध्ये होत्या. दम्यानं खंगल्या. जानेवारी १९७७ मध्ये सुटल्या आणि काही दिवसांतच गेल्या. त्या जेलच्या जागी आता फ्रीडम पार्क आहे. अक्का तिथून जाताना रिक्षातूनच हात जोडतात.

"समोरच्या इमारतीत नवीन मुलगा आलाय ना," मी विषय बदलला, "त्याचं नाव काय ओ?"

"तीनशे दोन."

"नाव विचारते मी."

"तेच सांगतेय. वॉचमन तीनशे दोन म्हणतो, पार्सलवाला तीनशे दोन म्हणतो. मी विचारलं, ऊरु यावुदु, गाव कुठलं? तर हसला आणि लिफ्टमध्ये शिरला. पुट्ट असता तर सोडला नसता त्याला." मग जरा थांबून, "त्याला बरंच वाटत असेल म्हणा. गावाकडे ह्याचा मुलगा, त्याचा पुतण्या करून लोक जीव खातात. आमचा शिवाजीराव बघा."

आमचा म्हणजे हनुमंतनगरातला शिवाजीराव गायकवाड, बीटीएसच्या बसमध्ये कंडक्टर. मद्रासला गेला, बालचंदरनी नाव बदललं, १९७५ ला पहिला सिनेमा आला आणि रजनीकांत झाला.

"आता त्याला कोण विचारतंय, गायकवाडांचा का म्हणून?"

"आम्ही विचारतो!" अक्का भिंतीवर हात आपटून म्हणाल्या.

नाव बदलण्यावरून मला आठवलं. बँगलोरचं बेंगळुरू करा, ही सूचना अनंतमूर्तींचीच. १ नोव्हेंबर २०१४ ला ती अमलात आली, तेव्हा ते नव्हते. २२ ऑगस्टला गेले होते. आणि १ नोव्हेंबरच्या त्याच यादीत माझं बेळगाव बेळगावी झालं. मी हे म्हटल्यावर अक्कांनी वाद घातला नाही. त्यांच्या गावाला जुनं नाव परत मिळालं, माझं मला परकं वाटायला लागलं, हे त्यांना कळतं. त्यांनी भिंतीवरून चार लिंबं पुढे केली. मी घेतली.

"बरं, आचार्य शेवटी गाडीत बसतात ना," मी म्हटलं. "पुट्टला मागे ठेवून. दुर्वासपुरला जाऊन सगळ्यांना सांगतात की नाही, काय झालं ते?"

"अनंतमूर्तींनी लिहिलं नाही. पण सांगणार. त्याशिवाय एवढं चालून परत कशाला जातील?"

"सांगणार कुणाला? भागीरथी गेली. प्लेगनं माणसं मेली, उरली ती पांगली."

"चंद्रीला."

"ती कुंदापूरला गेली."

अक्का विचारात पडल्या. कढीपत्त्याची एक काडी मोडून नाकाशी धरली.

"मग पुट्ट आहेच की. त्याच्या कानात घातलं की अख्ख्या तालुक्याला सांगितल्यासारखं."