हायकूवाले काका

दिल्लीत सेक्शन ऑफिसर म्हणून निवृत्त झालेला मराठी माणूस दोन ठिकाणी हमखास सापडतो. सकाळी पार्कात, आणि रविवारी मंडळाच्या बैठकीत, मागच्या इतिवृत्तातल्या चुका काढताना. आमचे काका दोन्हीकडे असतात, पण नुसते देहाने. मनाने ते एका ऑपरेटिंग सिस्टिमच्या कामावर असतात. ती सिस्टिम तुम्ही वापरत नाही. तुमच्या ओळखीचंही कोणी वापरत नाही. खुद्द काका आयकराचं विवरणपत्र भरायला काकूंचा लॅपटॉप मागून घेतात.

तिचं नाव हायकू.

तिची कुळकथा काका लिफ्टमध्ये सांगतात. आमच्या द्वारकेच्या सोसायटीत लिफ्ट दोन, त्यातली एक कायम बंद, त्यामुळे श्रोत्याला पळायला जागा नसते. तळमजल्यावर ज्याँ-लुई गासे नावाचा फ्रेंच माणूस अ‍ॅपलमधून बाहेर पडतो, 'बी' नावाची कंपनी काढतो आणि 'बीओएस' ही सिस्टिम तयार करतो. तिसऱ्या मजल्यावर १९९६ उजाडतं. अ‍ॅपलला नवी सिस्टिम हवी असते, गासेकडे ती असते, पण पैशांवरून घासाघीस होते आणि अ‍ॅपल शेवटी स्टीव्ह जॉब्सची 'नेक्स्ट' विकत घेते. "गासेनं जरा कमी मागितले असते ना, तर आज तुझ्या खिशात आयफोन नसता," असं काका म्हणतात, जणू हुंड्यावरून मोडलेलं ते लग्न त्यांच्या सख्ख्या पुतण्याचं होतं. पाचव्या मजल्यावर २००१ साल येतं. बी कंपनी एक कोटी दहा लाख डॉलरला 'पाम'च्या पदरात पडते. सातव्यावर दार उघडता उघडता जगभरचे काही वेडे ठरवतात, की कंपनी बुडाली तर बुडू दे, सिस्टिम आपण पुन्हा लिहून काढू, आपल्या वेळात, आपल्या खर्चाने, आणि सगळ्यांसाठी खुली.

मला चौथ्यावर उतरायचं असतं.

बीओएसच्या ब्राउझरमध्ये एखादं पान उघडलं नाही, तर त्रुटीचा निरोप तीन ओळींच्या हायकूत यायचा. त्या आठवणीखातर २००४ मध्ये या नव्या सिस्टिमचं नाव हायकू ठेवलं गेलं. आमच्या मंडळाच्या अध्यक्षांना यातलं काही ठाऊक नव्हतं. काका 'हायकूवर बरंच काम करतात' एवढंच त्यांच्या कानावर आलं होतं, आणि कोजागरीच्या कविसंमेलनाला एक कवी कमी पडत होता. अध्यक्षांनी प्रास्ताविकात शिरीष पै यांनी हायकू मराठीत कसा रुजवला ते सांगितलं, 'तीच परंपरा राजधानीत चालवणारे' असं म्हणून काकांच्या हातात माइक दिला आणि स्वतः मसाला दूध ढवळायला निघून गेले.

काका गोंधळले नाहीत. सरकारी नोकरीत समोर येईल त्या विषयावर टिप्पणी देण्याची सवय असते. त्यांनी खिशातून त्या महिन्याचा प्रगती अहवाल काढला आणि मराठी करत, थांबत थांबत वाचला.

"खिडकी मिटली,
तरी मेमरी मोकळी होत नव्हती.
आता होते."

"वा!" समोरून दाद आली. काकांना हुरूप आला.

"पेन ड्राइव्ह काढून घेतला,
चिन्ह पडद्यावर तसंच राहिलं.
तपास चालू आहे."

तिसऱ्या रांगेतल्या एका आजींनी डोळ्यांना पदर लावला. पुढच्या कवीने, जो गझल म्हणणार होता, दुधाची चौकशी केली. त्या रात्रीनंतर मंडळात काकांचा दबदबा आहे आणि ते कवी नाहीत हे सांगण्याचं धाडस अजून कोणी केलेलं नाही. काका स्वतः सांगायला गेले, तर लोक त्याला विनय समजतात.

हायकूला आणि काकांना एकमेकांसाठीच जन्माला घातलं असावं, असं माझं मत होत चाललं आहे. २००१ मध्ये काम सुरू झालं. पहिली अल्फा आवृत्ती सप्टेंबर २००९ मध्ये. पहिली बीटा सप्टेंबर २०१८ मध्ये. पाचवी बीटा १३ सप्टेंबर २०२४ ला, ऐन गणपतीत. 'पहिली आवृत्ती', म्हणजे जिच्या नावापुढे अल्फा-बीटा काही नाही अशी, इतक्या वर्षांत झालीच नव्हती. खाजगी कंपनीतला माणूस अशा प्रकल्पात महिनाभर टिकणार नाही. पण ज्याने आर.के. पुरमच्या ऑफिसात एका नियमावलीच्या मसुद्यावर उमेदवारीत शेरा लिहिला आणि त्याच मसुद्यावर निवृत्तीच्या आठवड्यात पुन्हा शेरा लिहिला, त्याला यात उशीर कुठे दिसणार? "विचाराधीन आहे," काका शांतपणे म्हणतात. "घाईनं केलेलं टिकत नाही रे."

एक फरक मात्र त्यांना पहिल्या दिवशी जाणवला आणि अजून पचलेला नाही. सरकारात फाइल वर गेली की कोणी 'नाही' म्हणत नाही. 'चर्चा करावी' म्हणतात आणि ती खाली येते. इथे काकांनी आपला पहिला बदल पाठवला. वापरकर्त्यांच्या माहितीपुस्तिकेतलं एक वाक्य दुरुस्त केलं होतं, काना-मात्रेएवढी चूक. सोबत बदलाचं कारण एका ओळीत द्यायचं असतं. काकांनी इंग्रजीत पाऊण पान लिहिलं: मागील संदर्भ, सद्यस्थिती, प्रस्ताव, आणि शेवटी 'अवलोकनार्थ व योग्य त्या आदेशार्थ सादर'. तासाभरात जर्मनीतल्या कोणा पोराचं उत्तर आलं. बदल बरोबर आहे, निबंध नको, एक ओळ लिहा, आणि वाक्याच्या शेवटी एक जागा जास्त सुटली आहे ती काढा.

"मला!" काका त्या दिवशी लिफ्टमध्ये बोलले नाहीत, गॅलरीत बोलले. "अंडर सेक्रेटरींनी माझ्या नोटमधला शब्द कधी हलवला नाही." पण जागा काढली. बदल स्वीकारला गेला. तो कोणी केला, कोणी तपासला, काय वाद झाला, सगळं कायमचं नोंदलेलं आणि जगात कोणालाही बघता येईल असं. ही गोष्ट मात्र काकांना फार भावली. दिल्लीत माणूस भेटला की पहिल्यांदा त्याचं खातं विचारतात, मग क्वार्टर कुठल्या टाइपचं, मग ओळख कोणाची. इथे हे काहीच कोणी विचारलं नाही. वशिला लावायची सोयच नाही, हे काका अभिमानाने सांगतात, आणि पाठोपाठ आवाज खाली आणून विचारतात, "तुझ्या कंपनीत कोणी जर्मनीत आहे का रे? एक बदल दोन महिने पडून आहे."

हायकूच्या आधी काका लिनक्सवाले होते. नव्या सहस्रकाच्या सुरुवातीला 'लिनक्स फॉर यू' हे दिल्लीतूनच निघणारं मासिक ते सोबतच्या सीडीसाठी घ्यायचे. पुढे उबुंटूच्या, म्हणजे लिनक्सच्याच एका अवताराच्या, सीड्या पोस्टाने घरपोच, एक पैसा न घेता मिळू लागल्या. काकांनी मागवून मागवून अख्ख्या सेक्शनला वाटल्या. सहकाऱ्यांनी त्या दोरा बांधून बाल्कनीत टांगल्या, कबुतरं येऊ नयेत म्हणून. नेहरू प्लेसला तेव्हा पायऱ्यापायऱ्यांवर पोरं कानाशी 'सॉफ्टवेअर, सर, सॉफ्टवेअर' पुटपुटायची आणि चोरीची विंडोज चहापाण्याच्या पैशांत द्यायची. तिथे काका एका दुकानदाराला समजावत होते, की ही सिस्टिम अस्सल आहे, कायदेशीर आहे आणि फुकट आहे. तो ऐकून घेऊन म्हणाला, "फ्री में है? फिर तो भाईसाब, कुछ गड़बड़ होगी." २०११ मध्ये उबुंटूने सीड्या पाठवणं बंद केलं. कबुतरं परत आली.

मग लिनक्स का सोडलं? काकांचं उत्तर ठरलेलं आहे: "ते आता नोकरदारांचं झालं." यात तथ्य आहे. दर नऊ-दहा आठवड्यांनी लिनक्सच्या कर्नलची, म्हणजे गाभ्याची, नवी आवृत्ती निघते, प्रत्येकीत दहा हजारांवर बदल असतात, आणि बहुतेक बदल इंटेल, गुगल, रेड हॅट अशा कंपन्यांची पगारी माणसं करतात. हायकूत बहुतेक सगळे हौशी. हायकूमागच्या संस्थेने २०२१ मध्ये एका डेव्हलपरला पूर्णवेळ कंत्राटावर घेतलं, तेव्हा काकांनी दोन दिवस 'भरती सुरू झाली' म्हणून काळजी केली. तरी जुनी माया सुटत नाही. संरक्षण मंत्रालयाने २०२३ मध्ये विंडोज काढून उबुंटूवर आधारलेली 'माया' ही सिस्टिम आणायचं ठरवल्याची बातमी आली, तेव्हा काकांनी सोसायटीत पेढे वाटले. कशाचे, हे गार्डला शेवटपर्यंत कळलं नाही. त्याने नातवाचे समजून आशीर्वाद दिले.

समोरच्या फ्लॅटमधल्या पंजाबी आंटी हे काकांच्या प्रचारकार्याचं एकमेव फळ. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार संपला. काकांनी ती तारीख वर्षभर आधी कालनिर्णयवर एकादशीसारखी गोल करून ठेवली होती. त्या दिवशी ते पेन ड्राइव्ह घेऊन समोर गेले आणि आंटींच्या लॅपटॉपवर लिनक्स घालून आले. लॅपटॉप पळू लागला. आंटींनी गाजर हलवा पाठवला. तिसऱ्या दिवशी दारात उभ्या: "अंकल जी, प्रिंटर?"

प्रिंटरचं मूळ दुखणं काका आंटींना सांगत बसले, आणि ते खरोखर सांगण्यासारखं आहे. एमआयटीच्या प्रयोगशाळेत झेरॉक्सचा एक लेझर प्रिंटर होता, त्यात कागद अडकायचा. रिचर्ड स्टॉलमनला त्याचा प्रोग्रॅम सुधारायचा होता, पण मूळ कोड कोणी देईना. सॉफ्टवेअर खुलं असलं पाहिजे या हट्टाने त्याच्या मनात मूळ धरलं ते तिथे, आणि सप्टेंबर १९८३ मध्ये त्याने 'जीएनयू' प्रकल्प जाहीर केला. थोडक्यात, ही सगळी चळवळ प्रिंटर चालत नव्हता म्हणून उभी राहिली. आंटींनी चाळीस वर्षांचा इतिहास दारात उभ्याने ऐकला आणि म्हणाल्या, "तो अभी तक नहीं चला?"

तरुण पिढीबद्दल काका फारसे आशावादी नाहीत. द्वारकेतच इंजिनिअरिंगची मोठी संस्था आहे, तिथली पोरं अधूनमधून 'मार्गदर्शनासाठी' येतात. काकू त्यांना पोहे देतात, काका इतिहास देतात. २०२० च्या ऑक्टोबरात मात्र स्फोट झाला. 'हॅक्टोबरफेस्ट' नावाचा एक उपक्रम असतो. महिन्याभरात खुल्या प्रकल्पांना चार बदल पाठवले की टी-शर्ट मिळायचा. एका भारतीय यूट्यूब चॅनलवर, बदल पाठवायचा कसा हे दाखवताना माहितीच्या पानावर 'अमेझिंग प्रोजेक्ट' एवढं घालून दाखवलं होतं. झालं, जगभरच्या प्रकल्पांवर 'अमेझिंग प्रोजेक्ट'चा पाऊस पडला. सांभाळणारे लोक इतके वैतागले, की आयोजकांना महिन्याच्या सुरुवातीलाच नियम बदलावे लागले. काकांना ही राष्ट्रीय नामुष्की वाटली. आलेल्या पोरांपैकी एकाच्या अंगात तसला टी-शर्ट होता. काकांनी त्याला विचारलं, "कशाबद्दल मिळाला?" पोरगा प्रामाणिक होता. म्हणाला, "एक स्पेलिंग सुधारलं होतं, काका. आणि तीन 'अमेझिंग'." स्पेलिंगवर काकांना काही बोलता येईना. त्यांची स्वतःची जमा त्याच खात्यात होती.

"जगाच्या चुका हुडकतात," काकू मला एकदा म्हणाल्या. "गॅस बंद करायचा राहिलेला मात्र मी हुडकायचा."

या जानेवारीत काकूंवरच वेळ आली. हॉलमधल्या जुन्या पीसीवर काकांनी विंडोजच्या शेजारी हायकू बसवून दिली होती, पत्ते खेळायला. भिंतीवरचं घड्याळ बंद पडलेलं, म्हणून काकू पडद्याच्या कोपऱ्यातली वेळ बघायच्या. एक दिवस बाहेर धुकं आणि धूर मिळून असं दाटलं होतं, की समोरचा टॉवर दिसेना. काकूंनी पडद्यावर पाहिलं, सहा वाजलेले. उठल्या, देवाजवळ दिवा लावला, उदबत्ती लावली, शुभंकरोति म्हटलं आणि काकांना चहा विचारायला गेल्या. काका जेवायच्या ताटाची वाट बघत बसले होते. दुपारचे साडेबारा झाले होते.

घरात जे झालं ते झालं. काकांनी रीतसर त्रुटी नोंदवली: घड्याळ साडेपाच तास पुढे. उत्तर लगेच आलं. हा दोष नाही. विंडोज मशीनमधलं घड्याळ स्थानिक वेळेवर ठेवते, इकडे ते ग्रीनिचच्या वेळेवर आहे असं धरलेलं दिसतं, म्हणून सिस्टिम भारताचे साडेपाच तास त्यात पुन्हा मिळवते. वेळेच्या पानावर एक खूण बदला. काकांनी बदलली, घड्याळ बरोबर झालं, आणि त्यांच्यातला सेक्शन ऑफिसर जागा झाला. पुस्तिकेत याबद्दल एक ठळक इशारा हवा, असं त्यांचं मत पडलं. त्यांनी वाक्य लिहिलं, शेवटची जास्तीची जागा काढली, कारण एका ओळीत दिलं. त्रुटी कोणाच्या लक्षात आली तेही नोंदवायची पद्धत लिनक्समध्ये आहे. ती आठवून खाली काकूंचं नाव घातलं आणि लॅपटॉप उचलून त्यांना दाखवायला स्वयंपाकघरात गेले.

काकूंनी चष्मा लावून स्वतःचं नाव दोनदा वाचलं.

"हे जगभर दिसणार?"

"कायमचं."

"बरं," काकू कणकेचे हात धूत म्हणाल्या. "मग त्यांना कळवा. टी-शर्ट एक्स्ट्रा लार्ज पाठवा म्हणावं, आणि पूर्ण बाह्यांचा."